फोटोची पाठ

पॅरिस फोटो या छायाचित्रांच्या विक्रीच्या मेळ्याला पहिल्यांदा गेलो, त्या दिवशी पहिले दोन तास मी फक्त भिंती पाहत होतो. ग्रां पालेच्या उंच काचेच्या छताखाली दालनांमागून दालने होती, माणसांची रीघ होती आणि दरवाजाएवढे रंगीत फोटो लांबूनच नजर ओढून घेत होते. तिसऱ्या तासाला पाय बोलू लागले, म्हणून एका कोपऱ्यातल्या लहानशा दालनापाशी थांबलो. तिथे भिंतीवर फारसे काही नव्हते. मेजावर राखाडी पुठ्ठ्याचे सपाट डबे होते आणि त्यांत पातळ कागदाच्या घड्यांमध्ये ठेवलेले तळहाताएवढे जुने कृष्णधवल फोटो. त्यांतल्या एकावर मी रेंगाळलो. दोरीवर वाळत घातलेल्या चादरी, त्यांतली एक वाऱ्याने फुगलेली आणि तिच्या खालून दिसणारे दोन लहान अनवाणी पाय. बाजूच्या चिठ्ठीवर ‘छायाचित्रकार अज्ञात’ एवढेच लिहिलेले होते. दालनात बसलेल्या वयस्कर बाईंनी तो फोटो दोन्ही हातांनी कडांना धरून उचलला आणि मी काही विचारण्याआधीच उलटा करून माझ्यासमोर धरला.

पाठीच्या चारही कोपऱ्यांत वाळलेल्या डिंकाचे तपकिरी डाग होते आणि त्या डागांना काळ्या जाड कागदाचे तंतू चिकटून राहिले होते. मधोमध जांभळ्या शाईचा अर्धवट उमटलेला शिक्का होता, त्याखाली पेन्सिलीने लिहिलेला एक आकडा. बाईंनी बोट न टेकवता एकेक खूण दाखवली. काळे तंतू म्हणजे हा फोटो अल्बममधून सोडवलेला आहे. शिक्का फिल्म धुऊन देणाऱ्या दुकानाचा आहे. आकडा मात्र त्यांचा स्वतःचा, त्यांच्या खरेदीच्या वहीतला. कुठल्याशा घरसामानाच्या विक्रीत त्यांनी अख्खा अल्बमच उचलला होता. मग तो अल्बम कुठे आहे, असे मी विचारले. चांगले फोटो काढून घेतल्यावर उरलेली पाने ठेवून काय करायचे, अशा अर्थाचे काहीतरी त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. ते उत्तर मी तेव्हा सोडून दिले. त्याच्याकडे परत यावे लागेल, हे तेव्हा लक्षात आले नव्हते.

पॅरिस फोटो १९९७ मध्ये सुरू झाला. न्यूयॉर्कमध्ये भरणारा एआयपॅड या छायाचित्रविक्रेत्यांच्या संघटनेचा वार्षिक मेळा त्याहून जुना, १९८० पासूनचा. लंडनचा फोटो लंडन २०१५ चा, म्हणजे तुलनेने कालचा. शिवाय आर्ट बासेल आहे, मास्त्रिख्टचा टेफाफ आहे; तिथे चित्रे आणि शिल्पे यांच्या गर्दीत जुन्या फोटोंची थोडीच दालने असतात, पण असतात. या सगळ्या ठिकाणी ‘पुन्हा सापडलेले’ हे विशेषण आता इतक्या सढळ हाताने वापरले जाते, की एखादे दालन काहीच सापडले नाही असे म्हणाले तर तीच बातमी ठरावी. याचे कारण समजायला अवघड नाही. नावाजलेल्या छायाचित्रकारांच्या जुन्या प्रिंट्स मोजक्याच असतात, त्यांतल्या बऱ्याच संग्रहालयांत गेलेल्या असतात आणि संग्रहालयात गेलेली वस्तू सहसा बाजारात परतत नाही. विक्रेत्याला दरवर्षी दालन भरायचे असते. अशा वेळी कुणालाही ठाऊक नसलेले एक नाव आणि त्या नावाच्या जुन्या प्रिंट्सनी भरलेली एक पेटी हाती लागली, तर ती देवासारखी धावून येते.

इथे ‘विंटेज’ या शब्दाचा अर्थ नीट सांगायला हवा, कारण सगळा व्यवहार त्यावर उभा आहे. फोटो टिपला त्याच सुमारास, छायाचित्रकाराने स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखाली काढलेली प्रिंट म्हणजे विंटेज प्रिंट. ‘त्याच सुमारास’ म्हणजे किती वर्षांत, यावर बाजारात एकमत नाही. कुणी पाच म्हणतो, कुणी दहापर्यंत ताणतो. त्याच निगेटिव्हवरून छायाचित्रकाराने उतारवयात पुन्हा काढलेली ती ‘नंतरची प्रिंट’ आणि त्याच्या माघारी दुसऱ्याने काढलेली ती मरणोत्तर प्रिंट. प्रतिमा तिन्हींत तीच असते, किंमत मात्र तीच राहत नाही. पहिल्यांदा ऐकताना ही निव्वळ हौशी श्रीमंतांची खोड वाटते, आणि मलाही बरीच वर्षे तसेच वाटत होते.

मत बदलले ते युजेन आत्जेमुळे. जुन्या पॅरिसचे रस्ते, दुकाने आणि जिने टिपत आयुष्य घालवलेला हा माणूस १९२७ मध्ये वारला. दुसऱ्या वर्षी बेरेनिस अॅबट या तरुण अमेरिकन छायाचित्रकार बाईने त्याच्या मागे राहिलेल्या हजाराहून अधिक काचेच्या निगेटिव्ह आणि हजारो प्रिंट्स विकत घेतल्या, पुढची चाळीस वर्षे सांभाळल्या आणि १९६८ मध्ये तो सगळा ठेवा न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टकडे गेला. आत्जे काचेची पट्टी आणि कागद एका चौकटीत दाबून उन्हात ठेवायचा. प्रतिमा कागदावर डोळ्यांदेखत हळूहळू उमटायची आणि मग तिला सोन्याच्या क्षाराचा हात द्यायचा. त्यामुळे त्याच्या प्रिंट्सना पिकल्या पानासारखा तपकिरी-जांभळट रंग असतो आणि सावल्यांच्या आतले तपशील गडप होत नाहीत. अॅबटबाईंनी त्याच काचांवरून काढलेल्या प्रिंट्स सुरेखच आहेत, पण त्या त्यांच्या काळाच्या कागदावर आहेत, रंगाने थंड आणि काळ्या-पांढऱ्याच्या भेदात ठाशीव. दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या, की एकाच रस्त्यावर दोन वेगळे दिवस उजाडल्यासारखे वाटते.

आत्जे ‘सापडला’ असे आपण म्हणतो, त्या वाक्यालाही एक गाठ आहे. त्याने जिवंतपणीच आपल्या प्रिंट्स पॅरिसच्या ग्रंथालयांना आणि कार्नाव्हाले संग्रहालयाला विकल्या होत्या. १९२० मध्ये तर दोन हजार सहाशेहून अधिक निगेटिव्ह त्याने दहा हजार फ्रँकांना सरकारी स्मारकखात्याला दिल्या. म्हणजे ग्रंथपालांना तो चांगला ठाऊक होता, कलेच्या जगाला नव्हता इतकेच. पुढे वाचताना माझ्या लक्षात येत गेले, की जवळजवळ प्रत्येक शोधकथेत ही गाठ असते. फोटो हरवलेला नसतो. तो कुणाच्या तरी घरी, कुणाच्या तरी कपाटात, कुणाच्या तरी पूर्ण माहितीत असतो.

प्रतिमा आणि वस्तू यांतला फरक सर्वांत स्वच्छ दिसतो तो नासाच्या जुन्या फोटोंमध्ये. चंद्रावर उभा असलेला अंतराळवीर पाहिला नाही असा माणूस विरळा, आणि ते फोटो कुणालाही फुकट मिळतात. तरीही अपोलो मोहिमांच्या काळात छापलेल्या मूळ प्रिंट्स आज लिलावांत विकल्या जातात. त्या ओळखायच्या खुणा वरच्या समासातला लाल रंगाचा क्रमांक आणि पाठीवर फिकट अक्षरांत पुन्हा पुन्हा छापलेले ‘अ कोडॅक पेपर’ हे शब्द. यात प्रतिमेचा शोध अजिबात नाही. जे सापडले आहे ते त्या वेळचे कागद, आणि घेणाराही तेच समजून घेतो. ही मला प्रामाणिक देवघेव वाटते.

जुन्या प्रिंटवर वयाच्या काही खुणा आपोआप येतात. फोटोतली चांदी हवेतल्या वायूंमुळे आणि दमटपणामुळे हळूहळू सुटते, पृष्ठभागाकडे सरकते आणि तिथे पुन्हा धातू होऊन बसते. त्यामुळे गडद भागांत आणि कडांवर निळसर, आरशासारखी झाक येते. प्रिंट सरळ धरली तर ती दिसत नाही, तिरपी करावी लागते. एकोणिसाव्या शतकातल्या, अंड्याच्या पांढऱ्या बलकावर काढलेल्या प्रिंट्सचे उजळ भाग पिवळे पडतात. म्हणूनच मेळ्यांत जाणकार माणसे फोटोसमोर उभी राहून मान वाकडी करताना, गुडघ्यात वाकताना दिसतात. पहिल्या दिवशी मला ते विचित्र वाटले होते; दुसऱ्या दिवशी मीही तेच करत होतो.

खुणा येतात तशा त्या फसवतातही, आणि हा धडा मी स्वतःच्या खिशातून घेतला आहे. एका लहान मेळ्यात मी १९३० च्या दशकातली म्हणून एक प्रिंट विकत घेतली होती. नदीवरचा पूल, धुके, एक सायकलवाला. कागद जाडसर, कडा किंचित पिवळ्या, सगळे पाहताक्षणी पटण्यासारखे. काही महिन्यांनी नोटा तपासायचा अतिनील दिवा हाताशी आला तेव्हा खोली अंधारी करून सहज तो त्या प्रिंटवर धरला. कागदाचे पांढरे समास निळसर प्रकाशाने उजळून निघाले, नुकत्याच धुतलेल्या सदऱ्यासारखे. कागद अधिक पांढरा दिसावा म्हणून त्यात मिसळायची जी चमकद्रव्ये असतात, ती फोटोच्या कागदात आली १९५० च्या दशकात. विक्रेत्याला कळवले, तर त्याने कोणतीही खळखळ न करता पैसे परत केले. पुढच्या वर्षी त्याच मेळ्यात तीच प्रिंट त्याच्याच दालनात टांगलेली दिसली. चिठ्ठीवर तारखेच्या आधी ‘सुमारे’ हा शब्द तेवढा वाढला होता.

माझे नुकसान किरकोळ होते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मात्र लुइस हाइन या थोर अमेरिकन छायाचित्रकाराच्या नावे विंटेज म्हणून विकल्या गेलेल्या प्रिंट्सबद्दल संशय उभा राहिला, तेव्हा सगळा बाजार हादरला. कारखान्यांत राबणारी मुले आणि यंत्रांवर वाकलेले कामगार टिपणारा हाइन १९४० मध्ये वारला, आणि तपासलेल्या अनेक प्रिंट्सच्या कागदात तीच चमकद्रव्ये निघाली. ज्या कागदाचा जन्मच नंतरचा, त्यावर हाइनने प्रिंट काढणे शक्य नव्हते. प्रकरण तडजोडीने मिटले, पण त्यानंतर कागदाकडे बघण्याची पद्धत बदलली. त्या तपासात काम केलेले संवर्धनतज्ज्ञ पॉल मेसियर यांनी जुन्या फोटोकागदांचे हजारो नमुने जमवले. तो संग्रह आता येल विद्यापीठात आहे आणि कागदाची जाडी, पोत, चकाकी आणि पाठीवरची छपाई यांची तुलना त्याच्याशी करता येते. इथे एक सावधगिरी मात्र ठेवावी लागते. दिव्याखाली कागद चमकला तर तो जुना नाही, असे बहुतेक वेळा म्हणता येते. तो चमकला नाही म्हणून तो जुना ठरत नाही, कारण नंतरच्याही काही कागदांत ही द्रव्ये नव्हती. टेफाफमध्ये मेळा उघडण्याआधी विक्रेत्यांना बाहेर ठेवून तज्ज्ञांच्या समित्या मांडलेली प्रत्येक वस्तू तपासतात. सगळीकडे असे होत नाही.

कागद एकवेळ तपासता येतो. शोधाची गोष्ट तपासायला दिवा नसतो, आणि मेळ्यांत विकली जाते ती बरीचशी गोष्टच.

माइक डिसफार्मर या माणसाची गोष्ट यासाठी सावकाश सांगण्यासारखी आहे. अमेरिकेतल्या आर्कान्सॉ राज्यात हीबर स्प्रिंग्ज नावाच्या छोट्या गावात त्याचा स्टुडिओ होता. शेतकरी, नवी जोडपी, सुट्टीवर आलेले सैनिक, बहिणी-बहिणी. जो येईल त्याला तो साध्या पडद्यापुढे सरळ उभा करी आणि हसायला सांगत नसे. १९५९ मध्ये तो वारला. गावातल्याच एका गृहस्थाने स्टुडिओतले सामान पाच डॉलरांना घेतले. त्यात काचेच्या निगेटिव्ह होत्या. १९७० च्या दशकात त्या एका स्थानिक वृत्तपत्राच्या संपादकाच्या हाती आल्या, त्याने त्या साफ करून घेतल्या, १९७६ मध्ये पुस्तक निघाले आणि डिसफार्मर एकदम अमेरिकन कलेतले नाव झाला. जगाने पाहिल्या त्या या काचांवरून नव्याने काढलेल्या, आकाराने मोठ्या, उठावदार प्रिंट्स.

मूळ प्रिंट्स मात्र त्याच्या गिऱ्हाइकांकडे होत्या, म्हणजे गावातल्या घराघरांत. पोस्टकार्डाएवढ्या, अल्बमांत चिकटवलेल्या, बायबलात ठेवलेल्या, बुटांच्या खोक्यांत पडलेल्या. २००४ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या संग्राहकांच्या हे ध्यानात आले आणि मग एक विलक्षण प्रकार घडला. गावातल्याच माणसांना हाताशी धरून घरोघर विचारणा सुरू झाली आणि दोन प्रतिस्पर्धी खरेदीदार एकाच गावातल्या खोक्यांमागे लागले. २००५ मध्ये न्यूयॉर्कमधल्या दोन गॅलऱ्यांनी या जुन्या प्रिंट्सची प्रदर्शने एकाच सुमाराला भरवली. आजोबांचा जो फोटो स्वयंपाकघरातल्या कपाटात होता तो हजारो डॉलरांची किंमत घेऊन मॅनहॅटनच्या भिंतीवर चढला.

त्या प्रदर्शनांविषयी वाचले तेव्हा पहिल्यांदा मला राग आला होता. आता तो तितकासा उरलेला नाही. विकणाऱ्यांनी राजीखुशीने विकले, अनेकांना त्या पैशाचा उपयोग झाला असेल, आणि डिसफार्मरने स्वतःच्या हाताने काढलेल्या प्रिंट्स कशा होत्या हे त्यामुळेच कळले. त्या मरणोत्तर प्रिंट्सपेक्षा मवाळ आणि जवळच्या आहेत. हातात धरायच्या आकाराच्या. पण ‘सापडल्या’ हे क्रियापद इथे कुणाच्या बाजूने बोलते, हा प्रश्न राहतोच. हीबर स्प्रिंग्जच्या लोकांसाठी त्या कधी हरवल्या नव्हत्या. फोटोतल्या माणसांची नावे त्यांना ठाऊक होती. पाठीवर कित्येकदा ती लिहिलेलीही होती.

सेदू केइताच्या बाबतीत हेच आणखी टोकाला गेले. माली या आफ्रिकी देशातल्या बामाको शहरात त्याने १९४८ मध्ये स्टुडिओ उघडला. नक्षीदार कापडाच्या पडद्यापुढे, आपले उत्तम कपडे घालून, कुणी रेडिओजवळ तर कुणी स्कूटरवर बसून लोकांनी त्याच्याकडून फोटो काढून घेतले. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंटर फॉर आफ्रिकन आर्टमध्ये त्याचे काही फोटो मांडले गेले तेव्हा खाली नाव होते ‘अज्ञात’. केइता तेव्हा सत्तर वर्षांचा होता आणि बामाकोत राहत होता. संग्राहक जाँ पिगोझी यांनी ते फोटो पाहिले आणि आपल्या संग्रहाचे काम पाहणारे आंद्रे मान्यँ यांना बामाकोला पाठवले. तिथे चौकशी केल्यावर छायाचित्रकाराचा पत्ता लागला. १९९४ मध्ये पॅरिसच्या फोंदास्यों कार्तिए या कलासंस्थेत त्याचे प्रदर्शन झाले आणि त्यानंतर त्याच्या निगेटिव्हवरून माणसाच्या उंचीला भिडणाऱ्या प्रिंट्स काढल्या गेल्या. मेळ्यांत आपल्याला प्रामुख्याने त्याच दिसतात. त्याच्या स्टुडिओतून गिऱ्हाइकाला मिळायची ती प्रिंट साधारण १३ बाय १८ सेंटिमीटरची, म्हणजे निगेटिव्हच्याच मापाची. एकदा एका दालनात त्या मापाची एक जुनी प्रिंट पाहायला मिळाली. कोपरा दुमडलेला, पृष्ठभागावर बोटांचे ठसे. मोठ्या प्रिंटमध्ये तीच बाई राणीसारखी भासते. लहान प्रिंटमध्ये ती कुणाची तरी मोठी बहीण होती आणि फोटो कुणाला तरी पाठवायचा होता. दोन्ही खरे असेल, पण मला दुसरी अधिक पटली.

आणि कधी कधी फोटो हरवतो, तेव्हा तो कुणापाशी आहे हे ठाऊक असलेले माणूस गप्प बसलेले असते. बाउहाउस या जर्मन कलाशाळेच्या डेसाउमधल्या इमारती, खुर्च्या, दिवे, किटल्या आज आपल्या डोळ्यांसमोर येतात त्या मुख्यतः लुसिया मोहोली यांनी टिपलेल्या रूपात. १९३३ मध्ये नाझी सत्तेमुळे त्यांना बर्लिन तातडीने सोडावे लागले आणि सुमारे ५६० काचेच्या निगेटिव्ह मागे राहिल्या. त्या पुढे बाउहाउसचे संस्थापक, वास्तुकार वॉल्टर ग्रोपियस यांच्याकडे गेल्या आणि त्यांच्याबरोबर अमेरिकेत पोहोचल्या. १९३८ मध्ये न्यूयॉर्कला बाउहाउसचे मोठे प्रदर्शन झाले त्यात आणि त्याच्या पुस्तकात हे फोटो वापरले गेले, बाईंच्या नावाशिवाय. इंग्लंडमध्ये त्या आपल्या निगेटिव्ह नष्ट झाल्या असे धरून चालल्या होत्या. वकिलामार्फत झगडून १९५७ मध्ये त्यांना त्यांतल्या २३० परत मिळाल्या. अलीकडच्या काळात मेळ्यांमध्ये विस्मृत स्त्री छायाचित्रकारांवर भर दिला जातो. पॅरिस फोटोने २०१८ पासून त्यासाठी फ्रान्सच्या संस्कृती मंत्रालयाबरोबर वेगळा उपक्रमच चालवला आहे. त्याचे मला मनापासून कौतुक आहे. फक्त ‘विस्मृत’ हा शब्द पाहिला, की मोहोलीबाई आठवतात. कोण कुणाला विसरले होते, हे चिठ्ठीवर लिहायला जागा लागते.

व्हिव्हियन मेअरबद्दल आता इतके लिहून झाले आहे, की मी थोडक्यात सांगतो. मुले सांभाळायची नोकरी करत शिकागोच्या रस्त्यांवर एक लाखाहून अधिक फोटो टिपणारी ही बाई. गोदामाचे भाडे थकल्यामुळे तिचे सामान २००७ मध्ये लिलावात गेले, घेणाऱ्यांपैकी जॉन मलूफ याने पुढे ते जगापुढे आणले आणि २००९ च्या एप्रिलमध्ये ती वारली. म्हणजे तिच्या फोटोंचा ‘शोध’ लागला तेव्हा ती जिवंत होती. तिच्या निगेटिव्हवरून प्रत्येकी १५ प्रतींच्या मरणोत्तर प्रिंट्स निघाल्या आणि गॅलऱ्यांत, मेळ्यांत विकल्या गेल्या. मग २०१४ मध्ये कोर्टात एक प्रश्न आला, जो आधीच यायला हवा होता: निगेटिव्ह विकत घेतली म्हणजे तिच्यावरून प्रिंट काढायचा हक्क मिळतो का? कायद्याने वस्तूची मालकी वेगळी आणि प्रतिमेचा हक्क वेगळा. तो हक्क वारसांचा आणि अमेरिकेत तो मृत्यूनंतर सत्तर वर्षे टिकतो. मेअरच्या बाबतीत २०७९ अखेरपर्यंत. शेवटी तिची मालमत्ता पाहणाऱ्या सरकारी व्यवस्थेशी तडजोड झाली. मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाच्या वाटतात त्या तिने स्वतः काढलेल्या थोड्या प्रिंट्स. ती निगेटिव्हचा चौकोन जसाच्या तसा ठेवत नसे. कडा छाटून आपल्याला हवे तेवढेच घेई. मरणोत्तर प्रिंट्स मात्र पूर्ण चौकोनी असतात. तिचा निर्णय कागदावर उरला आहे आणि आपण विकत घेतो ती दुसऱ्याने केलेली निवड.

माझा स्वतःचा लाडका शोध मात्र भाज्यांचा आहे. १९८१ मध्ये लंडनच्या बर्मंड्सी बाजारात शॉन सेक्स्टन या संग्राहकाला एक पेटी मिळाली. आत शेकडो फोटो. कांदे, कोबी, शेंगा, नाशपाती, ट्यूलिप. प्रत्येक वस्तू साध्या पार्श्वभूमीवर एकटी ठेवलेली, एखाद्या घरंदाज माणसाचे तैलचित्र असावे इतक्या गांभीर्याने. चार्ल्स जोन्स हा या फोटोंचा कर्ता व्यवसायाने माळी होता. तो १९५९ मध्ये वारला. सगळ्या प्रिंट्स त्याने स्वतः काढलेल्या आणि त्यांच्या निगेटिव्ह शिल्लक नाहीत, कारण काचेच्या त्या पट्ट्या त्याने बागेत कोवळी रोपे थंडीपासून झाकायला वापरल्या. त्यामुळे इथे नंतरच्या प्रिंट्सचा प्रश्नच उद्भवत नाही. आहेत त्या बहुतेक प्रिंट्स एकुलत्या एक. लंडनच्या एका मेळ्यात मला त्यांतली एक पाहायला मिळाली. शेंगांचा घोस, सोन्याच्या क्षाराने आलेली उबदार छटा, एकेका शेंगेच्या सालीवरची लव दिसेल इतका रेखीवपणा. मी विक्रेत्याला ती उलटी करायची विनंती केली. पाठीवर पेन्सिलीने वाणाचे नाव स्वच्छ अक्षरांत लिहिलेले होते आणि खाली ‘सी. जे.’ ही दोनच अक्षरे. शेंगेचे नाव पूर्ण, स्वतःचे अर्धे.

अशा पाठी पाहत गेल्यापासून मेळ्यांतल्या चिठ्ठ्यांकडे मी वेगळ्या अपेक्षेने पाहू लागलो आहे. फोटो केव्हा टिपला हे बहुतेक सगळे लिहितात. प्रिंट केव्हा काढली, कुणी काढली, आजवर ती कुणाकुणाच्या हातांतून आली आणि छापायचा हक्क कुणाकडे आहे, हे विचारल्याशिवाय सहसा कळत नाही. विचारले की चांगले विक्रेते मोकळेपणाने सांगतात. काही जण डब्यातून जुन्या पावत्याही काढून दाखवतात. बाकीच्यांच्या चेहऱ्यावर, गृहस्थ घेणारा नाही, असा भाव उमटतो. तो भाव बहुतेक वेळा खरा असतो, हे कबूल करायला हवे.

मेळ्याच्या शेवटच्या दिवशी मी पुन्हा त्या कोपऱ्यातल्या दालनात गेलो. चादरींचा फोटो विकला गेला नव्हता. बाईंनी ओळखले आणि डबा पुढे सरकवला. काळ्या कागदाच्या अल्बमांत फोटोखाली पांढऱ्या शाईने काहीतरी लिहायची पद्धत होती. या पानावर तसे काही होते का, असे मी विचारले. त्या थोडा वेळ आठवत राहिल्या. मग म्हणाल्या, की होय, लिहिलेले होते, जवळजवळ प्रत्येक फोटोखाली होते. एखादे नाव आणि साल. त्यांना ती भाषा वाचता येत नव्हती, त्यामुळे उतरवून घेतले नाही. पाने त्यांनी कागदाच्या रद्दीत दिली होती.

मी फोटो तिरपा करून पाहिला. फुगलेल्या चादरीच्या कडेला निळसर झाक आली होती, आणि चिठ्ठीवर अजून तेच दोन शब्द होते.